तापसाचा हाका

चिचटोल्याच्या तलावात पाणी किती, हे मुखरूला झोपेतून उठवून विचारलं तरी तो बोटा-वितीत सांगायचा. मुखरू गावचा पाणकर. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वावराला, पाणी कधी जाणार आणि किती जाणार, हे ठरवणारा माणूस. तलावाच्या पाळीत दगडी पायऱ्यांची एक मोरी होती, तिला म्हणायचं तुडूम. तुडुमाच्या भोकात सागाचा जाडजूड दट्ट्या. दट्ट्या उपसला की पाणी पाटात, ठोकला की तलावात. काम एवढंच. पण त्या दट्ट्याच्या जोरावर मुखरू गावातून असा चालायचा, जशी काही सगळी वैनगंगा त्याच्याच धोतराच्या सोग्याला बांधलेली आहे.

अशा माणसाची बायको माहेरी निघून गेली, आणि तीही एका पाखरापायी. गाव हसणार नाही तर काय करणार? गावाला दुसरं काम काय होतं?

झालं असं. पोळ्याच्या आधी नागपूरहून एक वहीवाला साहेब आला. कोणत्या तलावात कोणतं पाखरू आहे याची यादी करत तो सायकलीवर फिरत होता. सरकारचा माणूस नव्हता, या कामाचा पगार कोणी देत नव्हतं, म्हणजे डोक्यानं थोडा कमी असावा, असं गावानं आपसात ठरवून टाकलं आणि त्याला पाहायला सगळं गाव मुखरूच्या अंगणात जमलं. साहेब एकेक नाव वाचत होता, मुखरू मान हलवत होता. बगळा आहे. पाणकोंबडी आहे. टिबुकली आहे, तिच्या दोन जोड्या आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. शेवटी साहेबानं विचारलं, "तापस?"

"तो कोण जी?"

"बगळ्याच्या जातीचा. काठच्या देवनळाच्या उंच गवतात दडून राहतो. माणसाची चाहूल लागली की पळत नाही, चोच आभाळाकडे करून जागच्या जागी उभा राहतो, तपाला बसल्यासारखा. म्हणून तापस. दिसता दिसत नाही."

"मंग तो नाई," मुखरू म्हणाला.

तेवढ्यात गुळाच्या चहाचे कप घेऊन रंभा दारात आली. ती म्हणाली, "आहे जी. आपल्या देवनळात आहे. मी पाह्यला."

मुखरूनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "वीस वर्सं झाले मले पाळीवर. मले नाई दिसला अन् हिले दिसला. चुलीचा धूर जाते साहेब तिच्या डोळ्यात. कवा भूत दिसते, कवा पाखरू."

अंगण हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसले गुणवंतराव. ते गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर हसायचा हक्क काही सरकारला काढून घेता आला नव्हता. साहेबानं वहीत फुली मारली. रंभानं चहा दिला, कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. दुसऱ्या दिवशी मुखरू पाळीवरून घरी आला तेव्हा कप तसेच पालथे होते आणि रंभा नव्हती.

पहिला आठवडा त्यानं ताठ्यात काढला. "येईन, जाईन कुठी," असं तो बैलांना सांगायचा, कारण घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच. दुसऱ्या आठवड्यात बाबूभाई आला.

बाबूभाई मूल गावचा काकणवाला. सोमवारी चिचटोल्याचा बाजार, गुरुवारी नदीपलीकडचा, मार्कंड्याच्या वाटेवरचा, जिथं रंभाचं माहेर. सायकलीच्या मागं काचेच्या काकणांची पेटी बांधून तो फिरायचा. रस्ता असा, की अर्धी काकणं बायांना विकायची आणि अर्धी खड्ड्यांना वाहायची. पण निरोप मात्र त्याच्याकडून कधी फुटला नाही.

"भाभी भेटली," बाबूभाई ओट्यावर टेकत म्हणाला. "बोलली, ज्या घरी मी चार लोकांत खोटी झालो, तिथी जाऊन काय करू? पाखरू आहे. आधी ते पाहा म्हणा, आपल्या डोळ्यानं. मंग मले न्याले या म्हणा."

"मी पाह्यलं असं सांगून देतो. तिले काय समजते?"

"मी बी हेच बोललो."

"मंग?"

"मंग काय. भाभीनं माह्याकडं नुसतं पाह्यलं, मुखरूभाऊ. मी पेटी बांधली अन् निघालो."

मुखरूनं ओट्यावरची माती काडीनं उकरली. मग त्यानं विचारलं, "काकणं घेतले काय तिनं?"

"हिरवे. दोन इकडं, दोन तिकडं."

"इथी तं सहा-सहा घाले."

बाबूभाईनं पेटीचा पट्टा उगाच आवळला. "मागच्या मापाचं काकण ढिलं होते आता. हातातून निंगून जाते. मी लहान माप देल्लं."

तो निघून गेल्यावर मुखरू चुलीपुढं बसला. दोन माणसांचा भात घालायची हाताला सवय. एकाचा घालायला गेलं की कधी पेज होई, कधी कोळसा. संध्याकाळी पाळीवरून येताना तो लांबूनच खाकरायचा, म्हणजे आत चहाचं आधण ठेवलं जाईल. अजूनही खाकरायचा. मग आपलंच खाकरणं ऐकून दारात थोडा थांबायचा. खाटेवर पडल्यावर त्याला तिचा चेहरा आठवायचा नाही; आठवायचा आवाज, पलीकडून येणारा, धान पाखडताना सुपाबरोबर खालीवर होणारा. तो आवाज काय बोलायचा ते काही मुखरूला आठवत नव्हतं. वीस वर्षं तो आवाज चालू होता आणि मुखरू पाण्याचा हिशेब करत होता.

तर मुखरू तापस पाहायला निघाला. तलावाच्या उगवतीच्या काठाला माणसाच्या डोक्यावर जाईल असं देवनळाचं बन, बैलगाडीची शर्यत लावावी एवढं लांब. रोज सकाळी मुखरू त्यात शिरायचा. शिरायचा म्हणजे कसा, तर पाणकरासारखा: खांद्यावर काठी, तोंडात तंबाखू, पाय आपटत, वाटेत बेडकांना शिव्या देत. अर्ध्या कोसावरची ढोरंसुद्धा मान वर करून पाहायची. महिनाभरात त्याला दोन कासवं, एक धामण आणि आपली पोळ्याला हरवलेली वहाण दिसली. तापस दिसला नाही.

मग त्यानं गुणवंतरावांकडून दुर्बीण आणली. ती एका गोऱ्या जंगलसाहेबानं जाताना त्यांना दिली होती. तिच्या एका डोळ्यात बुरशी होती आणि दुसरा डोळा गुणवंतरावांच्या नातवानं काढून भिंगरी केली होती. मुखरू दोन दिवस पाळीवर बसून बुरशीतून देवनळ पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी ओरडत गावात आला, तापस दिसला म्हणून. सगळे धावले. दुर्बिणीच्या काचेवर एक नाकतोडा बसला होता.

इकडं कार्तिक लागला. भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान पोटरीत आलं. या वेळेला एक मोठं पाणी मिळालं की दाणा भरतो. पण ते पाणी सोडलं की तलाव कमरेएवढा उतरतो, काठचं देवनळ कोरडं पडतं, गुरं आत घुसतात, आणि आतली पाखरं उठून नदीकडं निघून जातात. मुखरूला हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. एकदा दट्ट्या उपसला की या वर्षी तरी तापस नाही, आणि तापस नाही म्हणजे रंभा नाही.

म्हणून तो म्हणाला, "अजून चार दिवस. पाण्याले अजून वजन नाई आलं."

चार दिवसांनी म्हणाला, "हवा उलटी आहे."

सगळ्यात शेवटच्या बांधीचा मालक नानाजी. पाटाचं पाणी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत नेहमी घोटभर उरायचं, म्हणून त्याचा गळा गावात सगळ्यात मोठा. तो चावडीत म्हणाला, "हवा उलटी नाई, याची बायको उलटी झाली. तिच्या पाखरासाठी आमचं धान वाळवून राह्यला हा. मी म्हणतो, एकदाचं ते पाखरू त्याले दाखवून टाका बाप्पा."

"दाखवू कसं? आहे कुठी ते?"

तेव्हा गुणवंतराव उठले. डोळ्यांत अशी चमक, जशी तीन वर्षांत कोणी पाहिली नव्हती. "हाका घाला," ते म्हणाले.

आता हे समजून घ्या. चांद्याच्या जंगलात वाघासाठी हाका घालायची जुनी रीत. पन्नास माणसं रांगेनं डबे-ढोल बडवत रानात शिरतात. वाघ घाबरून पुढं पळतो. पुढं मचाणावर साहेब बंदूक घेऊन बसलेला. गुणवंतरावांच्या अंगणातून असे किती हाके निघाले होते. मालगुजारी गेली, साहेब गेले, आणि आपल्या शब्दावर पन्नास माणसं एकदम उठल्याचा आवाज म्हातारा तीन वर्षं मनातल्या मनात ऐकत बसला होता. त्यालाही कशाची तरी ओढ होतीच की.

पण वाघ घाबरला की पळतो, आणि तापस घाबरला की थांबतो. एवढी साधी गोष्ट साहेब मुखरूच्या अंगणात सांगून गेला होता. पण तेव्हा गाव हसण्यात गुंतलं होतं.

सोमवारी सकाळी हाका निघाला. बाजाराचा दिवस, म्हणून बाजारही आला. चाळीस हाकारे, घासलेटचे रिकामे डबे, दोन ढोल, शाळेची घंटा. देवनळाच्या दुसऱ्या टोकाला जांभळीच्या झाडावर मचाण. त्यावर खाकी कोट घालून गुणवंतराव, हातात बंदूक. बंदूक कशाला, असं बाबूभाईनं विचारलं, तर ते म्हणाले, "हाका म्हटला का बंदूक लागते."

मुखरू रांगेच्या मधोमध होता. डबे वाजू लागले आणि चाळीस माणसं देवनळात घुसली. आधी बाहेर पडल्या कोतवालाच्या दोन म्हशी, ज्या चोरीला गेल्या म्हणून त्यानं शेजाऱ्यावर दावा लावला होता. मग मोहाच्या दारूचं मडकं छातीशी धरून सुकलू बाहेर आला आणि कोणाकडं न पाहता जंगलाकडं चालता झाला. आणि मग देवनळ मधून फाटल्यासारखं झालं आणि रानडुकरीण निघाली, मागं चार पिलं. तिनं आधी मुखरूला उडवलं, मग ढोलाला, आणि मग सरळ जांभळीखालून अशी गेली की मचाणाचा एक खांब सोबत घेऊन गेली. मचाण विहिरीच्या दोरानं बांधलं होतं, आणि तो दोर वीस वर्षं पाण्यात कुजला होता. गुणवंतराव बंदुकीसकट चिखलात उतरले. बंदुकीचा बार आभाळाकडं उडाला. आणि गाव, सगळं गाव, डबे फेकून डुकरिणीमागं धावलं, कारण तापस कोणी खात नाही आणि डुक्कर सगळेच खातात.

देवनळात एकदम शांत झालं.

मुखरू गाळात होता. डुकरिणीनं त्याला जिथं फेकलं तिथं तळ नव्हताच. पाणी छातीपर्यंत आणि गाळ मांड्यांपर्यंत. डोक्याचा पटका सुटून पाण्यावर तरंगत निघून गेला होता. त्यानं एक पाय उपसायला पाहिला तर दुसरा खोल गेला. दुसरा उपसायला पाहिला तर पहिला. वीस वर्षांचा पाणकर असल्यामुळं त्याला एवढं कळलं, की हललं तर जाणार, थांबलं तर राहणार. तो थांबला.

आयुष्यात पहिल्यांदा मुखरू देवनळात न हलता, न बोलता, न खाकरता उभा होता. डास चावत होते. चावू दिले. पाणी निवळलं. डोक्यावरच्या पात्यांतून ऊन खाली आलं. समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, देवनळाच्या दोन काड्यांच्या मध्ये एक तिसरी काडी होती, आणि त्या काडीला डोळे होते.

 कोंबडीएवढं पाखरू, वाळल्या गवताच्या रंगाचं, मानेवर उभे तपकिरी पट्टे, जशा देवनळाच्या सावल्याच ओढून घेतल्या आहेत. चोच सरळ आभाळाकडं. पण दोन्ही डोळे चोचीच्या खालून मुखरूकडंच. चाळीस माणसं, दोन ढोल आणि शाळेची घंटा त्याच्या अंगावरून गेली होती आणि ते बोटभरही हललं नव्हतं. ते मुखरूला पाहत होतं, कधीपासून कोण जाणे. कदाचित वीस वर्षांपासून.

मग वारा आला. देवनळ एका बाजूला झुकलं. आणि त्या काड्यांबरोबर, अगदी तेवढंच, तेवढ्याच सवडीनं, ते पाखरूही झुकलं. वारा गेला, देवनळ सरळ झालं, तेही सरळ झालं.

मुखरूच्या तोंडून "रंभे, हे पाह्य" असं निघणारच होतं. ओठापर्यंत आलं. मग त्याला कळलं की बाजूला कोणी नाही, आणि आवाज केला तर समोरही कोणी राहणार नाही. त्यानं ते नाव गिळलं. 

तिकडं डुकरीण काही मिळाली नाही. गाव हात हलवत पाळीवर परत आलं आणि तुडुमाजवळ त्यांना मुखरूचा पटका तरंगताना दिसला.

"बुडाला," कोणी तरी म्हणालं.

पाण्यावरून आवाज लांब जातो. मुखरूला एकेक शब्द ऐकू येत होता.

"चांगला माणूस होता."

"चांगला कायचा? माह्या बांधीले एक वर्स वेळेवर पाणी नाई देल्लं यानं." हा नानाजी.

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये गा."

"बरं, चांगला होता. पण पाणी नाई देल्लं."

गुणवंतराव चिखलानं माखलेले होते, पण हाक्याचा आवेश अजून अंगात होता. "तुडूम खोला," ते म्हणाले. "पाणी उतरलं का मुडदा दिसन."

"पण पाणकर तं मेला. खोलन कोण?"

पाच-सात मिनिटं कुजबुज झाली आणि नानाजी पाणकर झाला. त्यानं जन्माची हौस भागवून दट्ट्या असा उपसला, की तो हातातून सुटला, मोरीतून गेला आणि पाटानं वाहत थेट त्याच्याच बांधीकडं निघाला. आता तुडूम बंद करायचं म्हटलं तरी करता येणार नव्हतं. पाणी धडधडत सुटलं.

मुखरूला छातीवरचं पाणी खाली सरकताना लागलं. तरी तो गप्प राहिला. पाखरू होतं.

आणि मग बाबूभाईचा आवाज आला. "मी जातो. भाभीले सांगा लागते ना कोणी तरी."

सायकलीच्या साखळीचा आवाज झाला. मुखरूनं तोंड उघडलं. एक हाक, फक्त एक, "बाबूभाई, थांब." एवढंच. वारा परत आला. देवनळ झुकलं, आणि तापस झुकला, या वेळी अंमळ मुखरूच्या बाजूला, आणि मुखरूच्या तोंडातली हाक तोंडातच राहिली. सायकलीची घंटी पाळीवरून लांब जात गेली. मग नुसतं पाणी वाजत होतं.

दुपार कलल्यावर गावचा मासेमार झिंगू ढिवर आपला डोंगा, म्हणजे छोटं होडकं, घेऊन देवनळात शिरला. लांब बांबूनं तो गाळ टोचत येत होता, मुडदा शोधत. बांबू मुखरूच्या बरगडीत बसला.

झिंगूनं खाली पाहिलं. "मुखरूभाऊ," तो म्हणाला, "तू मेला का नाई?"

"चूप राय," मुखरू दातांतून म्हणाला.

झिंगूनं बोंब ठोकली, आणि समोरच्या तिसऱ्या काडीला पंख फुटले. पाय खाली लोंबकळत ती देवनळावरून उठली आणि आतल्या दाटीत उतरली. झिंगूनं ती पाहिलीही नाही. तो मुखरूची शेंडी धरून ओढण्यात गुंतला होता.

मुखरू घरी आला. अंगणात झिंगू त्याला तणसाच्या बोळ्यानं घासत होता. गाव भोवती, जरा रागातच. एवढं पाणी सोडलं आणि माणूस जिवंत. मुखरू सांगत होता, "मी पाह्यला. तापस पाह्यला मी. दोन हातावर होता." गाव हसत होतं. "गाळ गेला तुह्या डोळ्यात," नानाजी म्हणाला. "काल नाकतोडा पाह्यला, आज तापस. उद्या वाघ पायशीन घासलेटच्या डब्यात."

दिवस मावळायला रंभाच्या भावाची बंडी दारात थांबली. रंभा उतरली. अंगणातला हसण्याचा आवाज तिच्या पायाखाली आल्यासारखा बंद झाला. तिच्या हातात चार काकणं तशीच होती. मागून सायकल ढकलत बाबूभाई आला, आणि मुखरूला पाहून त्यानं सायकलच सोडून दिली. पेटी आपटली. कोणी उचलायला गेलं नाही.

"बाया आल्या होत्या काकणं फोडाले," रंभा म्हणाली, कोणाला उद्देशून नाही. "मी म्हटलं, आधी पाहू द्या."

ती ओट्याच्या पायरीवर बसली. मुखरूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "बाबूभाई सांगाले निंगाले, तवा तुमी कुठी होते?"

"देवनळात."

"आयकू आलं?"

झिंगू मध्ये पडला. "वयनी, तो बेसुद होता. मी काढला ना त्याले, मले माहीत आहे."

रस्ता सोपा होता. झिंगूनं बांधूनच दिला होता. मुखरूनं तणसाचा बोळा त्याच्या हातातून काढून खाली ठेवला. "नाई. सुदीवर होतो. सारंच आयकलं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तो होता ना समोर."

बाबूभाईनं मान खाली घातली. आपण चार कोस सायकल मारत काय घेऊन गेलो होतो, ते त्याला आता नीट कळत असावं. रंभाचा भाऊ बंडीचे बैल वळवू लागला, कारण यानंतर बहीण इथं थांबेल असं त्याला वाटलं नाही. कोणालाच वाटलं नाही. मुखरूलाही नाही.

रंभा म्हणाली, "जा बाप्पा सगळे. याले धुऊ द्या."

लोक गेले. भाऊ बंडीजवळ थांबला. अंगणात दोघंच उरली. 

"कसा होता?" तिनं विचारलं.

मुखरूला सांगता येईना. पाणी बोटा-वितीत सांगणारा माणूस, त्याच्याकडं या गोष्टीचं मापच नव्हतं. तो उठला. अंगावरून गाळ निथळत होता. अंगणाच्या मधोमध तो उभा राहिला, हात अंगाशी चिकटवले आणि नाक आभाळाकडं केलं. मग, थोडं लाजत, एका बाजूला झुकला.

"मान अजून वर," रंभा म्हणाली. "अन् एवढ्या लवकर नाई. त्याले घाई नसते."

तो सावकाश झुकला.

"चुलीवर भात करपून जाये," ती म्हणाली, "अन् तुमी म्हणत, झोपली होती का? मी तिथी देवनळात उभी राहत होती. म्हणो, आता जातो, आता जातो. पाय निंगतच नाई." तिनं पायरीवरचा चिखल बोटानं खरवडला. "पण तुमाले कोणी सांगाले निंगालं असतं का मी मेली, तं मी आवाज देल्ला असता."

 मुखरू नाक खाली आणून उभा राहिला.

"उद्या सकाळी पाळीवर जाऊ," ती म्हणाली. "मंग पायतो मी."

सकाळी तलाव म्हणजे नुसता गाळ होता. रात्रभर पाणी गेलं होतं. हाकाऱ्यांनी तुडवलेलं देवनळ आडवं पडलं होतं, आणि उरलेल्या चिखलाच्या मैदानात, काठापासून पन्नास पावलांवर, उघड्यावर, तापस उभा होता. भोवती एक काडी नाही. चोच आभाळाकडं. त्याला वाटत होतं की तो कोणालाच दिसत नाही.

पाळीवर गाव जमलेलं, मासे वेचायला. नानाजीनं डोळ्यांवर हात धरला. "तो खुटा कोणी गाडला तिथी?"

गुणवंतरावांनी दुर्बीण लावली, बुरशीतून नीट पाहिलं. "लाकूड आहे," ते म्हणाले.

मुखरूच्या जिभेवर शब्द आले. सगळं गाव होतं, पाखरू होतं, उजेड होता. एक बोट दाखवलं की काल हसलेल्या प्रत्येकाचं तोंड बंद होणार होतं. त्यानं बाजूला पाहिलं. रंभा पाखराकडं पाहत नव्हती, त्याच्याकडं पाहत होती. गुणवंतरावांच्या खांद्याला बंदूक होती. हाका म्हटला का बंदूक लागते.

"लाकूडच असन मालक," मुखरू म्हणाला.

लोक मासे वेचून गेले. दोघं पाळीवर बसून राहिले. ऊन चढलं. वारा सुटला. झुकायला सोबत काहीच नव्हतं, तरी ते पाखरू एकटंच, त्या उघड्या गाळात, हळूच एका बाजूला झुकलं आणि सरळ झालं. रंभानं पदर तोंडाशी नेला आणि तशीच बसली. मग ते उठलं, पाय लोंबकळत, खालून खालून उडत नदीच्या दिशेनं गेलं. ती दोघं ते ठिपका होईपर्यंत आणि त्यानंतरही पाहत राहिली.

"पाणी आलं का येईन काय ते?" मुखरूनं विचारलं.

"मले काय माहीत." थोड्या वेळानं ती म्हणाली, "भावाचं हलकं धान कापाचं आहे. त्याच्या घरी दुसरं कोणी नाई. मंडई झाली का येतो मी."

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, भरायला अजून पंधरा-वीस दिवस होते. मुखरू म्हणाला, "नदीपर्यंत येतो मी."

"अन् पाणी कोण पायन?"

"आता नानाजी आहे पाणकर."

तिला हसू आलं, पण तिनं ते पुढं येऊ दिलं नाही. नदीवर भावानं बंडी उथळ पाण्याच्या उतारानं पुढं नेली आणि रंभा डोंग्यात बसली. नावाड्यानं बांबू टेकला. डोंगा अर्ध्या पात्रात गेला तेव्हा ती एकदम उभी राहिली आणि पलीकडच्या काठाकडं, लव्हाळ्याच्या एका पट्ट्याकडं, तिनं हात केला. तिथं काही तरी होतं. मुखरूला इतक्या लांबून काहीच दिसत नव्हतं. त्यानं खाकरलं नाही, हाक मारली नाही. काठावर उभा राहून, डोळे बारीक करून, तो ती दाखवत होती तिकडंच पाहत राहिला.